काय उकडतंय!

९ जानेवारी

गाठ आहे. मेंदूत, डाव्या बाजूला. "बोलण्याची जागा असते ना, तिच्या अगदी शेजारी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि उजेडावर लावलेल्या फिल्मवर पेनाने गोल दाखवला. मला त्यात काही दिसेना. काड्या मात्र खुर्ची पुढे ओढून नीट बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ ताई! आणि तू जन्मभर म्हणत आलीस, तुझ्या डोक्यात काही नाही!"

कुणी हसलं नाही. वहिनी नाही, डॉक्टरीणबाई नाहीत. माझा तर प्रश्नच नव्हता. या धाकट्याने विनोद करायचा आणि मी शेजारी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून उभं राहायचं — हीच आमची जोडी. सबंध आयुष्य रंगमंचावर तेच केलं. आज पहिल्यांदा त्या तोंडाला अभिनय लागला नाही.

ऑपरेशन लगेच करा म्हणाल्या. हा म्हणाला, "सिनेमा संपू दे." वहिनीने त्याचा हात धरला होता. तो सोडून दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

१० जानेवारी

बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात, ती ही. गाठच पडली!

सिनेमा कसला, तर एका विनोदी नटाला मोठं दुखणं होतं आणि तरी तो लोकांना हसवत राहतो. मला वाचायला दिला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. म्हटलं, असं कुठे असतं का! आता घ्या.

काड्याला समजावून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि त्याचंही खरं आहे. आजवर तो नायकाचा मित्र झाला, नायकाचा नोकर झाला, नायकाचा शेजारी झाला. एकदा तर नायकाच्या कुत्र्याला फिरवणारा झाला, त्यात कुत्र्याला जास्त टाळ्या. आता पहिल्यांदाच पोस्टरवर मधोमध उभा राहणार. आणि मी म्हणते, सोड!

"अगं, भूमिकेच्या तयारीला लोक हॉस्पिटलात जाऊन बसतात," म्हणाला. "माझी घरबसल्या झाली." वर अट — कुणाला कळता कामा नये, दिग्दर्शकाला तर मुळीच नाही. वहिनीकडून वचन घेतलं, माझ्याकडूनही. मी दिलं. का दिलं? तो मागत होता म्हणून दिलं.

मलाही त्यात एक भूमिका आहे. गोष्टीत आधी नटाची बहीण होती म्हणे, पण निर्मात्याला वाटलं, पोस्टरवर बायको बरी दिसेल. म्हणून मी आता दवाखान्याच्या बाकावरची बाई. वाक्य एकच — "आत कोण आहे तुमचं?" केस पांढरे झाले तेव्हा कुठे हे फळ मिळालं! काड्या म्हणतो, "छोटं आहे, पण पाठ कर हं."

१३ जानेवारी

सिनेमाची जाहिरात म्हणून रेडिओवर दोघांची मुलाखत. विचारणारी मुलगी गोड आहे, खिदळते फार. तिने तोच प्रश्न विचारला, सगळेच विचारतात तो — "तुमचं ते 'काय उकडतंय' कुठून आलं?"

काड्याने नेहमीची थाप मारली, आमचे एक काका होते वगैरे. काका कसले! खरं आम्हा दोघांनाच ठाऊक. पहिल्यावहिल्या प्रयोगात हा मध्येच कोरा झाला. वाक्य गेलं ते गेलंच. समोर माणसं, हा घामाघूम, आणि तोंडातून निघालं, "काय उकडतंय!" माझ्या हातात पुठ्ठ्याचा पंखा होता. मी वारा घालायला म्हणून जवळ गेले आणि पंख्याच्या आडून पुढचं वाक्य कानात सांगितलं. लोकांना वाटलं, विनोदच आहे. हसले! तेव्हापासून ते ठरून गेलं. ज्याचं वाक्य जाईल त्याने म्हणायचं, काय उकडतंय. दुसऱ्याने वारा घालायचा. माझंही जायचं कधीकधी, मग हा माझ्याच हातातला पंखा ओढून घ्यायचा आणि मला वारा घालायचा. पुढे पुढे लोक त्या वाक्याची वाट बघायला लागले. त्यांच्या लेखी तो आमचा हुकमी लाफ्टर. आमच्या लेखी — बुडतोय, हात दे.

मग त्या मुलीने विचारलं, "स्टेजवर एकजण वाक्य विसरला तर?"

"दुसरा सांभाळून घेतो," काड्या म्हणाला.

"आणि दोघंही विसरलात तर?"

"तर काय! पडदा. सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं."

खिदळली. काचेपलीकडचा माणूसही हसला. तसं कधी झालेलं नाही म्हणा. एकाला तरी आठवायचंच.

१८ जानेवारी

शूटिंग सुरू. एका बंद पडलेल्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर दवाखाना उभा केलाय. फिकट हिरव्या भिंती, लोखंडी पलंग, 'शांतता राखा'ची पाटी. खऱ्या दवाखान्यापेक्षा स्वच्छ! गारठा इतका की सगळे हातावर फुंकर मारत होते, आणि काड्या बिचारा मागे नाड्या बांधायच्या त्या पातळ झग्यात.

तिसऱ्या की चौथ्या टेकला वाक्याच्या मधोमध थांबला. त्याचे डोळे मी ओळखते. बंद दारापुढे उभं राहून माणूस किल्लीसाठी खिसे चाचपतो ना, तसे होतात. आणि मग — "काय उकडतंय!"

हशाच हशा. एवढ्या थंडीत म्हणजे कहरच! कॅमेऱ्यामागचा पोरगेला दिग्दर्शक पोट धरून हसला. मी मात्र पिशवीतून पंखा काढून तरातरा चालत गेले आणि वारा घालायला लागले.

"कट! ताई, तुम्ही या सीनमध्ये नाही आहात!"

पंखा हातात तसाच. सगळे माझ्याकडे बघतायत. काड्या म्हणाला, "असू द्या हो, ती सवयीने येते." तेवढ्यात मी वाक्य सांगून टाकलं होतं. दिग्दर्शकाने थोडा विचार केला आणि म्हणाला, छान आहे की, बाकावरची बाई येऊन वारा घालते, ठेवू या! म्हणजे माझी भूमिका वाढली.

घरी येऊन पाय पोटाशी घेऊन बसले. कुणाला काही सांगायचं नाही. वचन!

२२ जानेवारी

आज पुन्हा उकडलं. जेवणाआधीच.

२७ जानेवारी

आज मला रागाने काही सुचत नाहीये.

आजार खरा दिसतोय की नाही ते बघायला सेटवर एक निवृत्त डॉक्टर ठेवलेत. टापटीप, मॉनिटरपुढे मांडी घालून बसतात, खारे दाणे खातात. आज काड्याचा उजवा पाय ओढत होता. वाक्यं अडखळत होती. टेक झाल्यावर डॉक्टरांनी मान हलवली. "जरा जास्त होतंय. असा पेशंट एवढा अडखळत नाही. पाय तर असा मुळीच ओढत नाही. लोकांना खोटं वाटेल."

मी बाकावरून उठलेच. काड्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. बसले.

"सॉरी डॉक्टर," तो म्हणाला, "कमी करतो."

आणि केलं कमी! दातावर दात आवळून सरळ चालला. शब्द एकेक करून चिमट्याने उचलल्यासारखा ठेवत गेला. डॉक्टर म्हणाले, "हां, आता कसं!" टेक ओके.

सगळी सोंगं आणता येतात म्हणतात. माझा भाऊ आज आजारी असून, तो आजार लपवून, आजारी माणसाचं सोंग आणत होता. आणि मी त्याची सख्खी बहीण बाकावर बसून ते बघत होते. माझं वाक्य आलं की म्हणायचं — आत कोण आहे तुमचं?

२ फेब्रुवारी

काड्याकडे चहाला गेले. वहिनीने कप पुढे ठेवले. हा म्हणाला, "ताई, कंगवा दे जरा." आरशाखाली होता तो दिला. त्याने तो चहात घातला आणि ढवळायला लागला.

वहिनी फसकन हसली. मीसुद्धा ओठ चावले. त्याने आमच्याकडे बघितलं, कंगव्याकडे बघितलं. मग आणखी दोनदा ढवळून, कंगवा कपाच्या कडेवर टक्‌टक् आपटून, चाटून बाजूला ठेवला. लाफ्टर पुरता वसूल केला!

पण पहिलं ढवळणं मुद्दाम नव्हतं. वहिनीच्याही ते लक्षात आलं. भांडी घासायच्या निमित्ताने उठली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्याचं कुठलं मुद्दाम आणि कुठलं नाही, हे एवढ्या मोठ्या जगात एक मला कळायचं. आता मलाही कळेनासं झालंय. मग माझा उपयोग काय?

९ फेब्रुवारी

पडला.

सीन असा होता की नट स्टेजवर बोलता बोलता कोसळतो. काड्या वाक्य संपायच्या आतच कोसळला. टेबलाचा कोपरा लागला, पाय थडथडायला लागले, आणि सेटवर टाळ्या! टाळ्या वाजवल्या त्यांनी. कट म्हणायलासुद्धा दिग्दर्शक विसरला, इतका रंगला होता. चहा देणारा माणूस पहिल्यांदा धावला, ट्रे टाकून. मला उठताच येईना. पंखा मांडीवर, आणि मी नुसती त्याला हाक मारतेय, तीसुद्धा तोंडातल्या तोंडात.

ऍम्ब्युलन्समध्ये शुद्धीवर आला. "टेक ओके झाला?" म्हणाला.

११ फेब्रुवारी

आता सगळ्यांना कळलंय. दिग्दर्शक दवाखान्यात आला. चष्मा नेहमीसारखा डोक्यावर. काड्याला बघितलं आणि लहान मुलासारखा रडला. "तुम्ही मला सांगितलं का नाही? मी तुम्हाला थंडीत झग्यावर उभं केलं!" मीच त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. पोर वाईट नाही.

मग नाक पुसता पुसता म्हणाला, "ताई, एक विचारू? शेवटचा सीन राहिलाय. अगदी छोटा कॅमेरा आणला, एकच माणूस, तर..."

वहिनी खुर्चीवरून ताडकन उठली. पण काड्याच म्हणाला, "आणा की! फक्त डावीकडून घ्या. उजवीकडचे केस झोपून झोपून बसलेत." दिग्दर्शकाचं तोंड लालबुंद झालं. नको नको, मी काय बोलून गेलो, असं पुटपुटत निघून गेला.

आम्हाला हायसं वाटलं. काड्या मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. "अर्धवट राहिला ना गं," म्हणाला. "पोस्टरवर मधोमध मी, आणि शेवटच नाही."

१५ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. डोकं भादरलं. "आता खरा काड्या दिसतो," म्हणाला, "पेटवायचा राहिलाय."

वहिनी खाली औषधं आणायला गेली होती. त्याने मला जवळ बोलावलं. शब्दाशब्दाला थांबत होता, पण मी मध्ये बोलले नाही. "ताई, ठरवून टाकू. मला उकडलं की तू वारा घाल. तुला उकडलं की मी घालीन. एवढं चालू आहे तोवर सगळं चालू ठेव. कंटाळू नकोस."

"कंटाळत नाही रे. पण नाही चाललं तर?"

"मग तुला माहितीये."

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं. त्याने डोळे मिटून घेतले. झोपलेल्याला जागं करता येतं. हा झोपेचं सोंग घेऊन पडला होता, एक डोळा किलकिला करून बघतसुद्धा होता. मग खरंच झोपला.

१६ फेब्रुवारी

आत नेला. दार बंद. वहिनी आणि मी बाकावर. फिकट हिरव्या भिंती, शांतता राखा.

शेजारी एक बाई येऊन बसली, मांडीवर स्वेटर, हातात रिकामी थर्मास. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाली, "आत कोण आहे तुमचं?"

माझं वाक्य!

आणि किती साधं म्हटलं तिने. मी सेटवर त्यात केवढा गळा काढला होता. तिने नुसतं विचारलं, जागा कुणाची आहे विचारावी तसं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. 'भाऊ' एवढंच म्हणायचं होतं. निघेचना. वहिनीने सांगितलं माझ्या वतीने.

१८ फेब्रुवारी

डोळे उघडले. वहिनीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बोलत नाही.

३ मार्च

वरच्या मजल्यावरच्या खोलीत हलवलंय. ताप उतरत नाही, म्हणून घरी सोडत नाहीत. उजवा हात पडलाय. आणि एकच शब्द परत आलाय — हो.

पाणी हवंय? हो. नकोय? हो. दुखतंय? हो. दुखत नाहीये ना? हो. मी कोण, वहिनी? हो. ताई? हो. खुर्ची? हो.

आज वहिनी म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचा." आणि हसली. हसता हसता उशीच्या अभ्र्याला डोळे पुसले.

भेटायला माणसं येतात. जुनी नटमंडळी, शेजारीपाजारी. जो तो येऊन सांगतो, हसत राहा, हसणं हेच मोठं औषध! अरे, त्याला सांगताय? तुमच्या तीन पिढ्यांना त्याने ते औषध फुकट पाजलं! एकाने तर त्याच्यापुढे त्याचीच जुनी नक्कल करून दाखवली. काड्या बघत राहिला. नक्कल संपल्यावर म्हणाला, "हो." मला त्या माणसाचीच दया आली.

१९ मार्च

उकाडा सुरू झाला. सगळं जग एकच वाक्य बोलतंय. जिन्यात, लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर. मी एकटी ते तोंडातून काढत नाही.

भीती वाटते. मी म्हटलं आणि त्याने नुसतं "हो" म्हटलं तर? म्हटलंच नाही तोवर ते चालू आहे की बंद, कुणालाच माहीत नाही. तसंच राहू दे. घामाने पाठ भिजली तरी मी म्हणते, "आज जरा हवा पडलीये." पंखा पिशवीतच ठेवते, वर्तमानपत्राने वारा घेते.

आज लादी पुसायला मावशी आली. बादली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "काय उकडतंय गं बाई!" मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. चटकन काड्याकडे बघितलं. त्याचे डोळे छताकडे, पापणीसुद्धा हलली नाही.

ते धरायचं नाही. तिला कुठे माहीत होतं! ते माझ्याकडून गेलं पाहिजे. मावशीने विचारलं, "काय झालं ताई, घाबरलात?" म्हटलं, पाय घसरला.

२ एप्रिल

दिग्दर्शक आला होता. सिनेमा आहे तेवढ्यावरच जुळवतोय, शेवटाशिवाय. थोडा तुकडा दाखवायला आणला होता. काड्याच्या पुढे धरला. त्यात काड्या इतका छान काम करत होता! लंगडत, अडखळत, लपवत. मला बघवेना. तो मात्र स्वतःकडे परक्यासारखा बघत होता, बसथांब्यावर उभा असल्यासारखा. विनोद आले, गेले.

मग सीनमध्ये बाकावरची बाई पंखा घेऊन आली. त्याने डावा हात उचलला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हो," म्हणाला. पुन्हा म्हणाला, "हो."

"तुम्हाला ओळखलं!" वहिनी ओरडलीच.

"पंख्याला ओळखलं असेल," मी म्हटलं. पण दिवसभर मनात तेच. संध्याकाळी घरी चालत गेले, बस न घेता.

११ एप्रिल

गाठ परत वाढतेय.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना आपल्या खोलीत बसवलं. चांगल्या आहेत, गोल गोल बोलत नाहीत. दुसरं ऑपरेशन करता येईल. थोडा वेळ मिळेल, किती ते सांगता येणार नाही. बोलणं परत येणार नाही. टेबलावरच काही होऊ शकतं, तेही आधीच सांगते. नाही केलं तर दुखणार नाही एवढं आपण बघू, पण मग दिवस थोडे. परवापर्यंत ठरवा.

वहिनीने बाहेर येऊन माझा हात धरला. "तुम्ही सांगाल तसं करू या. मी बायको असले तरी त्याच्या मनातलं न बोलता तुम्हालाच कळतं."

कळायचं, वहिनी. कळायचं.

१२ एप्रिल

आज भांडलो. सकाळी वहिनीच म्हणाली, "करू या ऑपरेशन. वेळ मिळेल म्हणतायत ना?"

"कशाला वेळ? 'हो' म्हणायला?"

माझ्या जिभेला हाड नाही. तिने पिशवीतला डबा काढला, पाव-भाजी माझ्या पुढ्यात अर्धी ठेवली, अर्धी स्वतः घेतली. दोघी काड्याच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून जेवलो. म्हटलं, चुकलं माझं. म्हणाली, "चुकलं नाही. मीपण तेच विचारते मला. पण 'हो' तर 'हो'. घरात कुणीतरी 'हो' म्हणायला आहे ना."



मग म्हणाली, "तुम्हीच विचारा त्याला."

"काय विचारू? करायचं का म्हटलं तर हो म्हणेल. नको ना म्हटलं तरी हो म्हणेल."

"तुमचं काहीतरी असतं ना दोघांचं," ती म्हणाली, "स्टेजवरचं. मला कधी सांगितलं नाहीत, पण मी विंगेत उभी असायचे. असतं काहीतरी."

इतकी वर्षं विंगेत उभी राहून सगळं बघत होती! मी मान खाली घातली. काड्या आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता. जन्मभर लोकांना हसवलं आणि आता आपल्याच जिवाबद्दल दोन बायका पाव खात भांडतायत! म्हणाला असता काहीतरी. एवढा सोपा लाफ्टर त्याने सोडला नसता.

तो उठून बसेल आणि सांगेल, असं काही होणार नाही. डॉक्टर सांगणार नाहीत. वहिनी माझ्याकडे बघते, मी भिंतीकडे. 'कंटाळत नाही रे' म्हटलं तेव्हा हे इतकं जड नव्हतं. चालू आहे तोवर चालू ठेव म्हणाला होता. पण चालू आहे का, हे कळायला ते वाक्य म्हणावं लागेल, आणि आज दिवसभर मी ते टाळलं. मला काही सुचत नाही. खरंच काही सुचत नाही.

१३ एप्रिल

दुपारी वहिनी डॉक्टरीणबाईंना भेटायला गेली तेव्हा दार लावून घेतलं, पंखा काढला आणि म्हटलं, "काय उकडतंय!" परीक्षा म्हणून नाही. पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतंच.

काड्याने डोळे उघडले. डावा हात पुढे केला आणि पंखा माझ्या हातातून ओढून घेतला. माझा जीव भांड्यात पडला! उलटसुलट करून बघितला. मग परत माझ्या हातात दिला. थांबला. अगदी पूर्वीइतका थांबला, सभागृह शेवटच्या खुर्चीपर्यंत गप्प होईपर्यंत थांबायचा तितका. आणि स्वच्छ म्हणाला, "काय उकडतंय."

मी हसले. त्याच्या विनोदाला जन्मात पहिल्यांदा, मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल असं. तोही हसला, अर्ध्या तोंडाने.

डॉक्टरीणबाई म्हणतात, असे पेशंट ऐकलेलं नुसतं परत म्हणतात. म्हणत असतील.

वहिनीला सगळं सांगितलं, पंख्याचं, आणि दोघंही विसरलो तर काय, ते रेडिओवर तो म्हणाला होता तेही. ती बराच वेळ त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "मी सामान भरते. तुम्ही खाली गाडीचं बघा." उद्या त्याला घरी नेतोय.